मगरीच्या पाठीचं झाड!

डोळे मीट बरं! आता हात पुढे कर. अजून थोडा. हं, लागलं काहीतरी?

खडबडीत आहे ना? उभ्या-आडव्या खोल भेगा. भेगांच्या मधे टणक, चौकोनी ढलप्या. अगदी मगरीच्या पाठीवरून हात फिरवतोय असं वाटतं!

घाबरू नकोस, उघड डोळे. मगर नाही ही. हे आहे एक झाड. याचं नाव ऐन!

आणि गंमत बघ. तू याचं एकही पान पाहिलं नाहीस. फूल नाही, फळ नाही. तरी झाली की नाही ओळख? नुसत्या हाताने!

असं समज, की आपण दोघं बोरिवलीच्या जंगलात आलोय. म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. महिना मार्चचा. एका बाजूला मुंबईच्या उंच इमारती, आणि त्यांना खेटून सुमारे 104 चौरस किलोमीटरचं रान! यात बिबटे राहतात, चितळं राहतात, माकडं तर खूपच. पण आज आपल्याला भेटायचंय जागचं न हलणाऱ्या मंडळींना. तू पुण्याला, नागपूरला किंवा सावंतवाडीला राहत असशील, तरी काही बिघडत नाही. यातली बरीचशी झाडं तुझ्याही जवळच्या रानात सापडतील.

"पण झाडं ओळखायची कशी? सगळी सारखीच तर दिसतात!"

असं कसं? तुझ्या वर्गात सगळ्यांचा गणवेश एकच असतो ना? तरी कुणी पाठमोरं दिसलं, की तुला लगेच कळतं, ही वेणी कुणाची आणि ती चाल कुणाची! झाडांचंही तसंच. प्रत्येकाची काहीतरी खूण असते.

आता कान इकडे कर. एक गुपित सांगते. ही खूण झाडाने आपल्यासाठी ठेवलेली नाही. ती त्याच्या स्वतःच्या कामाची आहे! झाड ज्या युक्तीने जगतं, तीच बरेचदा त्याची खूण असते. म्हणून खूण सापडली, की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: "का रे बाबा, हे कशासाठी?"

चल, ऐनालाच विचारू. एवढी जाड साल कशासाठी?

उन्हाळ्यात रानात कधीकधी वणवा लागतो. वाळलेलं गवत पेटतं, पाचोळा पेटतो. आग पळत पळत झाडांच्या बुंध्याशी येते. झाडाला पळता येत नाही! गरम पातेलं उतरवताना घरात जाड फडकं धरतात ना? ऐनाने तसं फडकं अंगाभोवती कायमचंच गुंडाळून घेतलंय. साल बाहेरून काळवंडते, पण आतला जिवंत भाग बरेचदा वाचतो.

आता ओळख बघू, काही ऐनांच्या सालीआड काय लपलेलं असतं?

पाणी!

खरंच सांगते. 2024 सालच्या उन्हाळ्यात आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी एका ऐनाची साल थोडीशी कापली. आणि नळ सोडावा तशी पाण्याची धार उडाली! तिथले कोंडा रेड्डी आदिवासी हे आधीपासून ओळखून होते. वनखात्याला ही गोष्ट कळली, ती त्यांच्याकडूनच. पण प्रत्येक ऐनात पाणी नसतं हं. शिवाय साल कापली, की झाडाला जखम होते. म्हणून आपण फक्त ऐकायचं आणि "बाप रे!" म्हणायचं.

कापण्यापेक्षा मजेची गोष्ट सांगू? एक कोरा कागद ऐनाच्या खोडावर दाबून धर. रंगीत खडू आडवा धरून वरून हलकेच घास. मगरीची पाठ कागदावर उमटते! मग शेजारच्या झाडाचा ठसा घे. दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेव. कुणी म्हणून दाखवावं बघू, की सगळी झाडं सारखीच असतात!

आता मान वर कर. अरेच्चा! ऐनावर पानं जवळपास नाहीतच. आजारी पडलाय का हा?

मुळीच नाही. तो पाणी वाचवतोय.

आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. नंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे. आणि पानं भलतीच खर्चिक! त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. त्यातून पाण्याची वाफ सारखी बाहेर जात राहते. खोटं वाटतं? मग अंगणातल्या किंवा कुंडीतल्या झाडाच्या पानं असलेल्या एका फांदीला प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी घाल. तोंड दोऱ्याने बांध. दोन तास उन्हात राहू दे. पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब दिसतील. ते सगळं पाणी पानांमधून आलेलं! (बघून झालं, की पिशवी नक्की काढ हं. फांदी बिचारी आत उकडून निघेल.)

म्हणून उन्हाळ्याआधी ऐन काय करतो? पानंच टाकून देतो! पाण्याचा खर्च कमी.

बरं, टाकतो तेही कसं! जुनं दप्तर फेकण्याआधी आपण त्यातली पट्टी, पेन्सिल, खोडरबर काढून घेतो. झाडही पान गळण्याआधी त्यातलं कामाचं बरंचसं सामान परत फांदीत ओढून घेतं. त्यात हिरवा रंग मोडून जातो आणि पान पिवळं दिसायला लागतं. पिवळं पान म्हणजे रिकामं होत आलेलं दप्तर!

पाऊस पडायला लागला, की ऐनाकडे पुन्हा ये. नवं पान उलटं करून बघ. तोडायचं नाही, नुसतं उलटायचं. देठाच्या जवळ दोन छोट्या गाठी दिसतील. मगरीच्या पाठीसोबत याही सापडल्या, की ऐनाची ओळख पक्की! त्या गाठींमधून गोड रस येतो आणि मुंग्या तो प्यायला येतात. मुंग्यांची ये-जा सुरू असली, की पानं खाणाऱ्या किड्यांची थोडी पंचाईतच होते. मात्र एक अळी काही ऐकत नाही. टसरची! ती ऐनाची पानं फस्त करते आणि रेशमाचा कोष विणते. विदर्भात गडचिरोली आणि भंडाऱ्याकडे लोक ऐनावर या अळ्या वाढवतात. मगरीच्या पाठीच्या झाडावर रेशीम! आहे की नाही कमाल?

पुढे चल. पायाखाली काय वाजतंय? कर्र, कुर्र, कर्र! ही सागाची पानं. सागाचं पान भलं मोठं असतं. डोक्यावर धरलं, तर तोंडसुद्धा झाकून जातं. हाताला खरखरीत लागतं. आणि त्याच्याकडे एक जादू आहे! पावसाळ्यात सागाचं कोवळं पान खाली पडलेलं मिळालं, तर तळहातावर चोळ. हात लाल! मेंदी नाही, पाणी नाही, तरी लाल. इतकी सोपी खूण दुसऱ्या कुठल्या झाडाने दिली असेल असं मला नाही वाटत.

पण थांब. दरवर्षी एवढा पाचोळा पडतो. जंगलात झाडू तर कुणी मारत नाही. मग आतापर्यंत आपण पानांच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडायला हवं होतं! ती सगळी पानं जातात कुठे?

खाली बस आणि पाचोळा काडीने हलकेच बाजूला कर. वरची पानं कोरडी आणि अख्खी. त्याखालची फाटकी, जाळीदार. त्याहून खालची ओळखूही येत नाहीत. आणि तळाशी? काळसर, भुसभुशीत माती. पावसाचा वास येणारी! वाळवी, गोगलगाई, पैसा किडा, गांडुळं आणि बुरशी, हे सगळे मिळून पानांची माती करतात. त्या मातीतलं पोषण झाडांची मुळं पुन्हा वर ओढतात. म्हणजे गेल्या वर्षीचं पान पुढच्या वर्षी पुन्हा पान होऊ शकतं!

आणि या बुरशीतली एक तर चक्क चमकते! पावसाळ्याच्या काळ्याकुट्ट रात्री भीमाशंकरच्या जंगलात कुजलेल्या काटक्यांवर हिरवट उजेड दिसतो. दिवा नाही, काजवा नाही. बुरशीच उजळलेली असते. हे मला तुला कधीपासून सांगायचं होतं!

असो. मार्चमधे परत येऊ. तिकडे बघ, आग लागल्यासारखं काय दिसतंय?

पळस फुललाय! एकही पान नाही, पण झाड शेंदरी फुलांनी भरून गेलंय. एक फूल उचल. पोपटाच्या चोचीसारखा बाक आहे ना? आता नाकाशी धर. वास? जवळजवळ नाहीच!

का बरं? कारण हे आमंत्रण पक्ष्यांसाठी आहे. पक्ष्यांना लाल-शेंदरी रंग लांबूनही झकास दिसतो. मग वासाची गरजच काय? शिवाय पानं गळून गेलेली, त्यामुळे फुलं आडोशाला जात नाहीत. बुलबुल येतात, साळुंक्या येतात, कोतवाल येतो, इवलासा शिंजीर येतो. मध पिताना त्यांच्या डोक्याला पराग चिकटतात. मग ते पुढच्या झाडावर जातात आणि पळसाचं काम फुकटात होतं. फुकटात कसलं, मधाच्या मोबदल्यात!

पळसाची पानं तीन-तीन असतात, हे तू ऐकलं असशील. म्हणच आहे तशी. आता मी सांगते ते नीट ऐक. ती तीन पानं नाहीतच! ते एकच पान आहे!

कसं काय? झाडाच्या पानाची एक खूण असते. पान जिथे फांदीला जोडलेलं असतं, तिथे बगलेत एक छोटीशी कळी किंवा डोळा असतो. पालवी फुटली, की पळसाच्या तीन "पानांच्या" बुडाशी शोध. डोळा नाही! मग त्यांच्या सामाईक लांब देठाच्या मुळाशी बघ. तिथे असतो. म्हणजे पान एक आणि त्याचे भाग तीन. त्यांना म्हणायचं पर्णिका. द्रोण-पत्रावळी करताना लोक या पर्णिकाच टाचतात.

तीन पर्णिका दिसल्या, की पळसच? छे! इथेच फसायला होतं. पांगाऱ्यालाही तीनच असतात. फुलं लालभडक, तीही याच दिवसांत, तीही बिनपानाच्या फांद्यांवर! मग? फांदी बघ. बारीक काळे काटे असतील तर पांगारा. काटे नसतील आणि पान खरखरीत, जाड, टोकाला गोलसर असेल तर पळस. पांगाऱ्याचं पान टोकाला निमुळतं होत जातं. आणि बेलाला विसरू नकोस हं, तोही त्रिदळी!

काट्यांवरून आठवलं. त्या उंच झाडाला मिठी मारायला जाऊ नकोस! ती आहे काटेसावर. तिच्या खोडावर जाडजूड, टोकदार काटे असतात. कोवळं झाड तर नखशिखांत काट्यांनी भरलेलं. पण म्हाताऱ्या सावरीचा बुंधा बघ. गुळगुळीत! लहानपणी साल कोवळी असते, कुणीही कुरतडेल. म्हणून काटे हवेत. मोठेपणी बुंधा जाड झाला, की खालचे काटे हळूहळू झिजून जातात. काट्यांकडे बघून सावरीचं वय लहान की मोठं, याचा अंदाज करता येतो!

सावरीची फुलं म्हणजे लाल वाट्याच. मांसल, जड. खाली पडतात ती थप्प असा आवाज करत. वर माकडं आणि पक्षी ताव मारतात, खाली चितळं पडलेली फुलं खातात. एकाच झाडावर वरच्या मजल्यावर पंगत आणि तळमजल्यावरही! पुढे उन्हाळ्यात बोंडं फुटतात आणि मऊ पांढरा कापूस वाऱ्यावर उडतो. कापसात काळी बी असते. ती निघाली दूरच्या प्रवासाला, पाऊस यायच्या आत जागा पकडायला.

बरं, आता ते लालबुंद झाड? तेही फुललंय का?

जवळ जा. फसलास... नाही, नाही, इथे सगळेच फसतात! ती फुलं नाहीत, पानं आहेत! हा कुसुम. याची नवी पालवी लाल असते. कोवळ्या पानांत हिरवा रंग अजून पुरेसा तयार झालेला नसतो. तोवर लाल रंग त्यांना कडक उन्हापासून सांभाळतो, असं शास्त्रज्ञांना वाटतं. थोड्या दिवसांनी ये. सगळा कुसुम हिरवागार झालेला असेल.

आणि ते पांढरंफेक झाड दिसलं? संध्याकाळी एकटं बघितलं तर दचकायलाच होईल. त्याचं एक नावच भुत्या! कांडोळ असंही म्हणतात. साल कागदासारखी पातळ, सोलून निघणारी. आणि त्या पापुद्र्याखाली काय असतं, सांग? हिरवा रंग! पानं गळलेली असताना हा पठ्ठ्या खोडानेच थोडंफार अन्न तयार करतो. स्वयंपाकघर बंद पडलं, म्हणून ओसरीवर चूल मांडली! फक्त याच्या फळांना हात लावू नकोस. त्यांच्यावर टोचणारे केस असतात, बोटांची आग आग होते.

दमायला झालं? इथे बसू, उंबराखाली. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मी याच झाडासाठी राखून ठेवली होती.

उंबर ओळखणं एकदम सोपं. फळं फांदीच्या टोकाला नाहीत, थेट खोडावर! घोसच्या घोस. पान तुटलं की पांढरा चीक येतो. वडासारख्या पारंब्या मात्र नाहीत.

आता सांग, उंबराचं फूल तू कधी पाहिलंस? नाही ना? क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, "काय, उंबराचं फूल झालास!" पण फुलाशिवाय फळ येईल कसं?

फुलं आहेत! शेकडो आहेत! पण ती सगळी फळाच्या आत आहेत. आपण ज्याला उंबर म्हणतो, ती आहे आतून फुलांनी भरलेली बंद पिशवी. टोकाला एक बारीक भोक. बस्स!

मग बंद पिशवीत पराग पोचवणार कोण?

गांधीलमाश्यांच्या कुळातली एक इवलीशी माशी. केवढी? जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढी! मादी त्या भोकातून आत घुसते. भोक इतकं अरुंद, की घुसताना तिचे पंखच तुटतात. आता परत जाणं नाही. आतल्या अंधारात ती काही फुलांमधे अंडी घालते आणि सोबत आणलेले पराग इतर फुलांना लावते. मग तिथेच मरून जाते.

काही आठवडे जातात. आधी नर त्या फुलांमधून बाहेर पडतात, पण उंबराच्या आतच. त्यांना पंखच नसतात! लागणार तरी कशाला? त्यांना कुठे उडायचंय? माद्यांशी मीलन झालं, की ते उंबराच्या भिंतीतून बोगदा पोखरतात. आणि बोगदा झाला, की त्यांचं आयुष्य संपतं. त्यांनी बाहेरचं जग नीट बघितलेलंही नसतं. त्या बोगद्यातून पंखवाल्या माद्या अंगावर नवे पराग घेऊन बाहेर पडतात. आता घाई! त्यांच्याकडे जेमतेम एखाद-दोन दिवस असतात. तेवढ्यात दुसरं, योग्य वयाची कोवळी फळं असलेलं उंबराचं झाड शोधायचं!

थोडा विचार कर. त्या दोन दिवसांत तसं झाडच सापडलं नाही तर? माशा संपतील. माशा संपल्या, तर उंबरही! म्हणून सगळी उंबरं एकाच वेळी फळत नाहीत. आज हे, पुढच्या महिन्यात ते. रानात कुठे ना कुठे वर्षभर उंबरं असतातच.

आणि याचा फायदा कुणाला झाला माहितेय? सगळ्या रानाला! इतर झाडांवर खायला काही नसतं, तेव्हाही उंबर भरलेला असतो. आपला राज्यपक्षी हरियल येतो, तांबट येतो, राखी धनेश येतो. माकडं येतात. रात्री वटवाघळं येतात. पिकलेली फळं खाली पडली, की जमिनीवरचे प्राणी येतात. मोहरीएवढ्या माशीच्या जिवावर एवढी मोठी खानावळ! वड, पिंपळ, पायर ही सगळी उंबराचीच भावंडं, आणि बहुतेक प्रत्येकाची अशीच स्वतःची वेगळी माशी असते.

तर आता उंबर फोडून खाताना आत किडा दिसला, तर लगेच "ई!" म्हणू नकोस. आधी भिंग आण आणि बघ, त्याला पंख आहेत की नाहीत!

जाता जाता तुला एक झाड ओळखायला देते. नाव सांगणार नाही. एप्रिल-मे महिन्यात हे पिवळ्या घोसांनी डवरतं, आणि घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. शेंगा लांबलचक, हातभर, गोल काठीसारख्या. पिकल्या की काळ्या. शेंग फोडली, तर आत नाण्यांसारख्या चकत्यांची चळत आणि दोन चकत्यांमधे एकेक बी, काळ्या चिकट गरात बसलेली. तो गर माकडं आणि कोल्हे खातात आणि बिया भलतीकडेच नेऊन टाकतात. हे झाड जंगलात असतंच, पण शहरातल्या रस्त्यांच्या कडेलाही खूप लावलेलं असतं. उद्या शाळेत जाताना मान वर ठेव. ओळखलंस, तर खुणेचा प्रश्न विसरू नकोस: एवढी लांब, बंद, कडक शेंग, ती कशासाठी?